‘क्यार’ किनाऱ्याला लागणार नव्हतं : रत्नागिरीच्या एका ट्रॉलरचं प्रकरण

हे प्रकरण ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधलं, अरबी समुद्रातल्या ‘क्यार’ चक्रीवादळाच्या वेळचं. यात कोणी दगावलं नाही आणि बोटही शाबूत परत आली, म्हणूनच ते अभ्यासाला घेतलं आहे. बोट बुडाली की सगळी चर्चा शेवटच्या तासाभोवती फिरते. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत जे साधे, रोजचे वाटणारे निर्णय झाले, ते कोणी पाहत नाही. इथे ते पाहता येतात. बोट, मालक आणि खलाशी ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत. वादळाच्या तारखा आणि टप्पे खरे आहेत.

पार्श्वभूमी

अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एखादं चक्रीवादळ होतं. २०१९ साली पाच झाली: जूनमध्ये ‘वायू’, सप्टेंबरमध्ये ‘हिक्का’, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’, डिसेंबरमध्ये ‘पवन’. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा बराच गरम होता आणि पूर्व भाग थंड. हवामानशास्त्रात याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात, आणि त्या वर्षीचा डायपोल चांगलाच जोरात होता. वादळाला लागतं गरम पाणी, साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर, तेही नुसतं पृष्ठभागावर नव्हे तर खाली पन्नासेक मीटरपर्यंत. असं पाणी त्या वर्षी अरबी समुद्रात होतंच.

पण बंदरातल्या गप्पांमध्ये डायपोल नव्हता, ‘वायू’ आणि ‘हिक्का’ होते. ‘वायू’ गुजरातवर आदळणार म्हणून लाखो माणसं हलवली आणि ते ऐनवेळी समुद्रातच वळलं. ‘हिक्का’ सरळ ओमानला गेलं. रत्नागिरीच्या धक्क्यावर त्यातून एक अनुमान पक्कं झालं: आपल्या समुद्रातली वादळं तिकडे जातात, आपल्याला फक्त पाऊस देतात. अनुमान अगदीच चुकीचं नव्हतं. या प्रकरणात ते खरंही ठरलं, आणि अडचण नेमकी तिथेच झाली.

हंगामही वाईट चालला होता. पावसाळी मासेमारीबंदी १ ऑगस्टला उठली, पण पाऊस हटेना. त्या वर्षी मान्सूनच्या परतीला ९ ऑक्टोबरला सुरुवात झाली, नोंदींतली सर्वांत उशिराची. ऑगस्ट-सप्टेंबरचे कितीतरी दिवस बोटी नांगरावरच होत्या. मालकांवर डिझेलची आणि बर्फाची उधारी चढली होती. त्यात २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान आणि २७ ला लक्ष्मीपूजन. मधल्या पाच-सहा दिवसांत एक मोठी फेरी मारून दिवाळीपूर्वी हिशेब चुकता करायचा, हा विचार एकट्या आपल्या मालकाचा नव्हता, अर्ध्या बंदराचा होता.

बोट म्हणजे पन्नासेक फुटांचा लाकडी ट्रॉलर, सहा सिलिंडरचं इंजिन, शांत पाण्यात सात नॉटचा, म्हणजे ताशी सात सागरी मैलांचा, वेग. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, साठीकडे झुकलेला, आयुष्य दर्यावर गेलेला. खलाशी सात, त्यांतले निम्म्याहून अधिक नेपाळचे. कोकणातल्या मोठ्या बोटींवर हे आता नेहमीचंच चित्र आहे. मालक स्वतः पूर्वी बोटीवर जायचा, आता किनाऱ्यावरून व्यवहार बघतो.

अडचण

२२ तारखेला सकाळी मच्छीमार सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली. पूर्वमध्य अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे, ते तीव्र होण्याची शक्यता आहे, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये. अशा सूचना त्या मोसमात इतक्या आल्या होत्या की लोकांनी वाचणं सोडून दिलं होतं. मालकाने मात्र वाचली. नंतर त्याने पुतण्याला विचारलं. पुतण्याने मोबाइलवरच्या वाऱ्याच्या ॲपवर पुढच्या पाच दिवसांचं चित्र फिरवून दाखवलं: एक गोल भोवरा किनाऱ्याजवळ येतो, थबकतो आणि वळून ओमानच्या दिशेने जातो.

“काका, आपल्याकडे येत नाय ते.”

पुतण्याचं बरोबर होतं. ‘क्यार’ने पुढे अगदी हेच केलं. फक्त त्या ॲपने एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, वादळ कुठल्या किनाऱ्याला लागणार? बोटीचा प्रश्न वेगळा होता. आपण जिथे जाळं टाकणार आहोत त्या पाण्यावर वारा किती वाजता अंगावर येईल, आणि तिथून बंदर गाठायला किती तास लागतील? हा प्रश्न त्या सकाळी कोणीच विचारला नाही. मला विचाराल तर सगळं प्रकरण या एका फरकात आहे.

आणखी एक बारकावा. कमी दाबाचं क्षेत्र अजून डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीचा टप्पा) झालेलं नसतं तेव्हा त्याला धड केंद्रच नसतं. ढगांचा पसारा शेकडो किलोमीटरचा, आणि केंद्र आज इथे तर उद्या वेगळ्याच जागी घट्ट होतं. त्या टप्प्यावर ॲपमधली रेघ कितीही ठळक दिसली तरी ती अनेक शक्यतांपैकी एक असते. हवामान खातं आपल्या नकाशावर रेघेभोवती पसरट शंकू काढतं, तो याचसाठी. ॲपमध्ये शंकू नव्हता.

बंदरातला बावटाही लोकांनी उलटा वाचला. भारतीय बंदरांत एक ते अकरा नंबरचे संकेत लावतात. एक आणि दोन नंबर हे दूरच्या धोक्याचे असतात: बंदराला आत्ता काही नाही, पण इथून बाहेर पडणारं जहाज धोक्यात जाईल. तीन आणि चार म्हणजे खुद्द बंदरालाच धोका. किनाऱ्यावरची माणसं नंबराचा आकडा बघतात; ‘अजून तीन नंबर कुठे लागलाय’ हे वाक्य तुम्ही कुठल्याही धक्क्यावर ऐकाल. प्रत्यक्षात निघायच्या तयारीतल्या बोटीसाठी एक आणि दोन हेच कामाचे बावटे. तिनाचा चढतो तोपर्यंत निघालेली बोट बाहेर असते.

पहिला निर्णय : जायचं की नाही

मालक, पुतण्या आणि तांडेल या तिघांसमोर तीन रस्ते होते. थांबायचं, मग भरलेला बर्फ वितळणार, खलाशांचा पगार चालू राहणार, उधारीवाले दिवाळीच्या तोंडावर दारात. दुसरा, किनाऱ्यापासून दहा-पंधरा मैलांत एक दिवसाच्या फेऱ्या मारायच्या. मासळी कमी, डिझेल तेवढंच. तिसरा, नेहमीसारखं चाळीस मैल बाहेर जायचं आणि म्हाकूल-बळा भरून चौथ्या दिवशी यायचं.

तांडेलाला दुसरा रस्ता बरा वाटत होता. त्याने तसं सांगितलंही, पण रेटलं नाही. “मालकाचा बर्फ आणि मालकाचंच डिझेल,” असं तो नंतर म्हणाला. मालकाचं म्हणणं असं की मी जा म्हटलं नाही, तांडेल तयार होता. दोघंही खोटं बोलत नाहीत. कोकणातल्या बऱ्याच बोटींवर हा निर्णय नेमका कोणाचा, हे कधी ठरलेलंच नसतं. २२ ला दुपारी बोट सुटली.

दुसरा निर्णय : कधी आणि कुठे परतायचं

२४ ला सकाळी बोट रत्नागिरीच्या जवळजवळ पश्चिमेला, चाळीस मैलांवर होती. मासळी चांगली लागत होती. वारा फारसा नव्हता, पण नैर्ऋत्येकडून लांब, गुळगुळीत, संथ लाटा यायला लागल्या होत्या. जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट आखूड आणि खडबडीत असते. दूरच्या वादळातून सुटलेल्या लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर मोठं असतं, आणि अशी लांब लाट वेगाने, वादळाच्या पुढे धावत येते. तांडेलाने हे कुठे वाचलेलं नाही. तो म्हणतो, “वारा नसताना दर्या श्वास घ्यायला लागला की जाळी वर घ्यायची.”

त्या दिवशी पहाटेच ते क्षेत्र डिप्रेशन झालं होतं. चाळीस मैलांवर मोबाइल चालत नाही, तो दहा-बारा किलोमीटरच्या पुढे बहुतेक गप्पच होतो. व्हीएचएफ रेडिओचा पल्लाही अपुरा पडतो. बातमी आली ती दुपारी एकच्या सुमारास, किनाऱ्याजवळच्या एका बोटीने मधल्या बोटीला आणि तिने पुढे सांगितलेली: “डिप्रेशन झालंय, सगळ्यांना आत बोलावलंय.” वेग किती, दिशा कुठली, कधीपर्यंत, यातलं काहीही या साखळीतून पोचलं नाही. दोन तोंडांतून गेलेल्या बातमीत एवढंच उरतं.

जाळं पाण्यात होतं. ते वर घ्यायला तासभर. काही खलाशांचं म्हणणं, हे काढलं की अजून एक ओढ मारू, तीन तासांचा प्रश्न आहे, नाहीतरी वारा कुठे आहे. तांडेलाने नकार दिला, आणि कारण वाऱ्याचं नव्हे, भरतीचं दिलं.

त्या दिवशी रमा एकादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे रात्री सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती आणि मध्यरात्रीनंतर अडीचच्या आत-बाहेर पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. दुपारी अडीचला निघालो आणि बिघडलेल्या पाण्यात साडेपाच नॉट जरी मिळाले, तरी मिरकरवाड्याच्या, म्हणजे रत्नागिरीच्या मासेमारी बंदराच्या, तोंडाशी रात्री दहा वाजता पोचू. भरती उतरणीला लागलेली, पण पाणी असेल. एक ओढ मारून निघालो तर रात्री एक-दीड, ऐन सुकतीत. मिरकरवाड्याच्या मुखाशी गाळ साचतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. उथळ पाण्यावर मोठी लाट आली की उभी राहते आणि मोडते. तिथे बोट तळाला टेकली की पुढची लाट ती आडवी करते.

जाळं वर घेईपर्यंत दोन वाजून गेले. आता जायचं कुठे?

घरचं बंदर एक्केचाळीस मैल, जवळजवळ पूर्वेला. वादळाचं केंद्र पश्चिम-नैर्ऋत्येला. आपल्या गोलार्धात वादळातला वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे केंद्र आणि किनारा यांच्या मधल्या बोटीला तो दक्षिणेकडून लागणार. पूर्वेला जायचं तर वारा आणि लाट दोन्ही उजव्या कुशीवर. ट्रॉलर कुशीवर लाट घेत आठ तास चालवणं म्हणजे आठ तास लोळत जाणं, आणि शेवटी ते गाळाचं तोंड.

देवगड बावन्न मैल, आग्नेयेला. बंदर उत्तम, तिन्ही बाजूंनी झाकलेलं. दोनच वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळाच्या वेळी, केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी भरकटत येऊन तिथेच सुखरूप लागल्या होत्या. पण देवगडला जायचं तर वाऱ्याच्या तोंडावर जायचं. वेग चार नॉटवर येणार आणि डिझेल जास्त जाळणार.

जयगड सेहेचाळीस मैल, ईशान्येला. शास्त्री नदीचं मुख, दक्षिणेला जयगडचा डोंगर आडोशाला, आत पाणी खोल. सुकतीतही आत शिरता येतं. घरापेक्षा पाचच मैल लांब, आणि लाट मागून, उजव्या पाठीवर. मागून येणारी लाटही सोपी नसते, सुकाणू सतत हातात ठेवावं लागतं. पण बोट लोळत नाही.

चौथा पर्याय काही जुने लोक सुचवतात: तिथेच नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्यात धरून, इंजिन हळू ठेवून रात्र काढायची. मोठ्या जहाजाला ते जमतं. पन्नास फुटांच्या लाकडी बोटीने केंद्र कुठे सरकतंय हे माहीत नसताना हा जुगार खेळू नये.

तांडेलाने जयगड धरलं. त्याच्या तोंडी कारण एवढंच होतं, “घराकडे नको, आडोशाकडे.” नकाशावर मापून पाहिलं तर त्या घटकेला त्याच्या हातात असलेल्या माहितीवर याहून चांगला निर्णय मला सापडत नाही.

प्रत्यक्षात काय झालं

निघण्यापूर्वी डेकवरची सगळी मासळी खणात, म्हणजे खालच्या कोठीत, टाकली, निवडायची राहिली तरी. डेकवर वजन नको आणि खाली हवं. जाळ्याच्या दोन्ही फळ्या दोराने करकचून बांधल्या, खणाची झाकणं ताडपत्रीखाली दाबली, पाणी उपसायचा पंप चालवून बघितला.

सूर्यास्तापर्यंत वारा दक्षिणेकडून चांगलाच वाढला. पावसाच्या सरी आल्या की दोन हातांवरचं दिसत नव्हतं. आठच्या सुमाराला इंजिनाचा आवाज पडला. बोट हलायला लागली की टाकीच्या तळाशी साचलेली घाण डिझेलमध्ये मिसळते आणि फिल्टर तुंबतो. खराब समुद्रात बोटी बंद पडायचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, वादळाच्या बातम्यांत ते येत नाही इतकंच. बोटीवर एक जास्तीचा फिल्टर होता. बॅटरीच्या उजेडात, गुडघे इंजिनाच्या चौकटीला टेकून, दोघांनी तो बदलला आणि लाइनमधली हवा काढली. पाऊण तास गेला. तेवढा वेळ बोट आडवी पडू नये म्हणून पुढून लांब दोराला बांधलेलं जुनं जाळं पाण्यात सोडलं होतं. त्याच्या ओढीने नाळ वाऱ्यात राहिली.

मध्यरात्रीच्या सुमारास जयगडच्या आत नांगर पडला. तिथे आधीच बऱ्याच बोटी होत्या, परराज्यातल्याही.

२५ ला सकाळी डिप्रेशनचं चक्रीवादळ झालं आणि त्याला ‘क्यार’ हे म्यानमारने सुचवलेलं नाव मिळालं. किनाऱ्यापासून ते तेव्हा दोन-अडीचशे किलोमीटरवर होतं. २६ ला ते अतितीव्र झालं आणि २७ ला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सुपर सायक्लोन, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं वादळ. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रातलं पहिलं. आपला ट्रॉलर २४ ला दुपारी जिथे होता, तिथे आणखी बारा तास राहिला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज दुसऱ्या एका घटनेवरून येतो: मुंबईच्या पश्चिमेला बुडणाऱ्या एका मासेमारी बोटीवरच्या १७ जणांना नौदलाच्या ‘आयएनएस तेग’ने २६ ला वाचवलं. जमिनीवर मात्र ‘क्यार’ आलंच नाही. कोकणाला त्याने पाऊस दिला, कापणीला आलेलं भात आडवं केलं आणि अनेक ठिकाणी समुद्र वस्तीच्या तोंडाशी आणला.

तिसरा निर्णय : वादळ गेल्यावर

अभ्यासवर्गात लोक इथे वही मिटायला लागतात. मला हाच भाग सर्वांत शिकवणारा वाटतो.

२८ ला ऊन पडलं. वादळ शेकडो मैल दूर, ओमानच्या दिशेला. मालकाचा फोन: खणात मासळी आहे, बर्फ संपत आला, जयगडला गाडी लावायचं भाडं परवडत नाही, वीस मैल तर यायचंय, किनाऱ्याकिनाऱ्याने या. दिवाळीला घरी यायची ओढ खलाशांनाही होती. वारा नव्हताच. मोबाइलवर ॲप बघितलं तरी रत्नागिरीसमोर वाऱ्याचा रंग हिरवा.

पण लाट वाऱ्याबरोबर जात नाही. सुपर सायक्लोनने दूरवर उठवलेल्या लाटा वादळ वळल्यानंतरही किनाऱ्याकडे येत राहतात. त्यात २८ ला अमावास्या, म्हणजे उधाण. भरती जास्त चढणार आणि सुकती जास्त उतरणार. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्रस्थितीचा अंदाज देते, उंच लाटांचे इशारेही देते. त्यात जी उंची सांगतात ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. तीन मीटर लिहिलं असेल तर मधूनच एखादी पाच-सहा मीटरचीही येऊ शकते. इशाऱ्यातला आकडा म्हणजे कमाल मर्यादा असं समजून बोट काढणारे खूप आहेत.

तांडेलाने बोट काढली नाही, पण मालकाला नुसतं ‘नको’ही म्हणाला नाही. एसटीने रत्नागिरीला गेला आणि भगवती किल्ल्याच्या बाजूला, दीपगृहापाशी जाऊन बसला. तिथून मिरकरवाड्याचं तोंड खाली दिसतं. तो तासभर नुसता बघत होता. बराच वेळ मुखावर काहीच होत नसे, पाणी सपाट. मग एकामागोमाग चार-पाच मोठ्या लाटा यायच्या, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढऱ्या होत मोडायच्या, आणि पुन्हा सगळं शांत. खालून, धक्क्यावरून बघणाऱ्याला वाटावं की वाट मोकळी आहे. त्याने मालकाला तिथेच बोलावून घेतलं. मालक आला, त्याने दोन खेपा पाहिल्या, आणि जयगडला टेम्पो पाठवला.

मासळीला भाव पडेल तो घ्यावा लागला. निम्मा माल मऊ पडला होता. बोट ३० ला दुपारच्या भरतीवर घरी आली.

चौथा निर्णय : ‘महा’

त्याच दिवशी दक्षिणेत, कन्याकुमारी-मालदीवच्या बाजूला नवं डिप्रेशन झालं. त्याचं ‘महा’ वादळ झालं आणि ते लक्षद्वीपवरून वर सरकलं. एक वादळ अजून अरबी समुद्रात असताना दुसरं. अंदाज असा की ते आधी वायव्येला जाईल, मग मागे वळून गुजरातकडे येईल. ४ नोव्हेंबरला ते अत्यंत तीव्र झालं, मग वळलंही, पण गुजरातजवळ पोचेपर्यंत थंड पाण्यात आणि कोरड्या हवेत त्याचा जोर गेला आणि ७ च्या सुमाराला ते समुद्रातच विरलं.

या आठवड्यात मालकाचा संयम सुटला. बाजूच्या दोन बोटी ‘महा’ दूर असताना दोन दिवस जाऊन भरून आल्या होत्या. “तुमच्या वादळाने माझी दिवाळी खाल्ली आणि हे तर आलंच नाही,” हे त्याचं सोसायटीतलं वाक्य. अंदाज खरं तर चुकला नव्हता. वळण्याचा अंदाज बरोबर ठरला, जोर ओसरण्याचाही. पण ज्याचा बर्फ पाणी झाला त्याला ‘अंदाज बरोबर होता’ असं सांगून काय उपयोग?

मला वाटतं इथे सरसकट न जाणं हा निर्णय जरा जास्तच सावध होता. १ आणि २ नोव्हेंबरला ‘महा’ लक्षद्वीपच्या उत्तरेला होतं. किनाऱ्यापासून बारा-पंधरा मैलांत, सकाळी जाऊन सूर्यास्तापूर्वी परत, अशी फेरी धरता आली असती का? परवाना अधिकाऱ्यांचा मनाई आदेश लागू असेल तर नाही, तो प्रश्नच संपतो. पण आदेश आणि धोका या दोन गोष्टी एकच मानल्या की माणूस धोका स्वतः मोजायचं विसरतो. मग पुढच्या वर्षी आदेश नसताना तो चाळीस मैल जातो. २२ ऑक्टोबरला झालं ते हेच.

पुन्हा अशी वेळ आली तर

या बोटीवर त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. केबिनमध्ये एक पुठ्ठा लावला आहे, त्यावर तीन रकाने: आपण किनाऱ्यापासून किती मैल, खराब पाण्यातल्या वेगाने परतीचे तास, आणि इशाऱ्यात दिलेला वारा वाढायला किती तास उरलेत. खराब पाण्यातला वेग म्हणजे सात नव्हे, पाच धरायचा. दुसरा आकडा तिसऱ्याच्या निम्म्याहून जास्त झाला की जाळं टाकायचं नाही. निम्माच का? फिल्टर तुंबतो म्हणून. २२ तारखेला हा हिशेब केला असता तर चाळीस मैल बाहेर जायचा प्रश्नच उठला नसता, कारण कमी दाबाचं क्षेत्र असताना तिसरा रकाना कोणालाच भरता येत नाही. रकाना कोरा असेल तर दहा-पंधरा मैलांच्या आत राहायचं.

आसऱ्याची बंदरंही लिहून ठेवली आहेत, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे. दक्षिणेचा वारा असेल तर जयगड, उत्तरेचा असेल तर वेगळं, आणि कुठल्या बंदरात सुकतीला शिरता येत नाही, हे लाल शाईत.

इशारा वाचायची पद्धत बदलायला हवी, ती अजून बदललेली नाही. हवामान खात्याच्या मच्छीमार सूचनेत समुद्राचे भाग दिलेले असतात: पूर्वमध्य अरबी समुद्र, महाराष्ट्र-गोवा किनारपट्टी आणि लगतचा भाग वगैरे. चाळीस मैलांवरची बोट यांतल्या कुठल्या भागात मोडते, हे मी अनेक तांडेलांना विचारलं आहे. उत्तरं वेगवेगळी येतात. वाऱ्याचेही दोन आकडे असतात, सलग वाहणारा वारा आणि झोत. बोट झोपवतो तो झोत, आणि लोक लक्षात ठेवतात तो पहिला आकडा.

संपर्काचं म्हणाल तर इथे वेळेचा विचित्र योग आहे. किनाऱ्यापासून दूर उपग्रहावरून इशारे पोचवणारं ‘जेमिनी’ नावाचं उपकरण केंद्र सरकारने ९ ऑक्टोबर २०१९ ला, ‘क्यार’च्या दोनच आठवडे आधी, जाहीर केलं होतं. त्या दिवशी चाळीस मैलांवरच्या आपल्या ट्रॉलरला ते असतं तर पहाटेची बातमी पहाटेच कळली असती आणि परतीचा प्रवास उजेडात झाला असता. आता इस्रोने विकसित केलेले दुहेरी संदेशाचे ट्रान्सपॉन्डर बोटींवर बसवले जात आहेत, म्हणजे बोटीवरून मदत मागता येते आणि किनाऱ्यावरून बोटीला सांगताही येतं. ते बसवणं चांगलंच. पण उपकरणावर आलेल्या ओळीचं काय करायचं, हा निर्णय कोणाचा, ते आधी ठरलेलं पाहिजे.

त्या बाबतीत मालक आणि तांडेलाने सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर तोंडी ठरवून घेतलं आहे: धक्का सुटल्यावर परतायचं की नाही हे तांडेल ठरवेल, आणि तो लवकर परतला तर त्या फेरीच्या डिझेलचा तोटा त्याच्या वाट्यातून कापायचा नाही. निघण्यापूर्वीचा निर्णय मात्र अजून मालकाच्याच हातात आहे. तांडेलाला तोही हवा होता. मालकाने मान्य केलं नाही. नेपाळी खलाशांच्या बुडालेल्या दिवसांचे पैसे कोणी द्यायचे, यावर त्या बैठकीत चहा दोनदा झाला आणि विषय पुढच्या सभेवर गेला.